चिंचेवरून न पडलेल्या दहा माणसांबाबत

प्रति,
मेहेरबान अंमलदार साहेब,
पांगळ्यांची गणती,
मुक्काम तीर्थपुरी.

अर्जदार: पुंजाराम वल्द आबाराव, शेतकरी, राहणार कुंभार पिंपळगावच्या शिवारातील वस्ती.

विषय: अर्जदाराच्या बांधावरील चिंच तोडण्याच्या हुकुमाविषयी.
संदर्भ: गेल्या सोमवारी चावडीवर वाचून दाखविलेला हुकूम.

महोदय,

अर्जदार सविनय कळवितो की, पाठीच्या कण्यात बिघाड होऊन कमरेखाली लुळे झालेल्यांची गणती आपल्या कारकुनाने वस्तीवर केली. त्याच्या कागदावर दोनच रकाने होते, ‘पडून’ आणि ‘आजाराने’. वस्तीत असे अकरा जण निघाले आणि अकराही ‘पडून’ या रकान्यात गेले. कशावरून पडलात, असे विचारता सर्वांनी अर्जदाराच्या चिंचेचे नाव सांगितले. त्यावरून हे झाड जिवास धोकादायक असून आठ दिवसांत तोडावे, असा हुकूम झाला आहे. कारकुनाचा यात काडीचाही दोष नाही. लोकांनी सांगितले ते त्याने लिहिले.

१. अकरांपैकी कडूबा खरोखर पडला. चार वर्षांपूर्वी चिंचा झोडपताना फांदी मोडली, तो खाली आला आणि त्याची पाठ मोडली. अर्जदारास याचे आजही वाईट वाटते.

२. बाकीच्या दहांना झाडाने कधी अंगाखांद्यावर घेतले, हे खुद्द मालकास ठाऊक नाही. जयवंताबाईंचे वय सत्तर, उंबरा ओलांडायला त्यांना दोन सुना लागतात; कागदाप्रमाणे त्या शेंड्यावरून पडल्या. रायभान धनगर ज्या पोळ्याला पडला म्हणतो, त्या पोळ्याला तो मेंढरे घेऊन जाफराबादेकडे होता. शिवाय पोळ्याला चिंच पिकलेली नसते, मग वर जाऊन करायचे काय? मच्छिंद्र व त्याचा भाऊ एकाच दिवशी एकाच फांदीवरून पडले. पहिली फांदी दोन पुरुष उंच आहे. वस्तीवर शिडी एकच, ती अर्जदाराच्या गोठ्यात असते आणि ती मागायला कोणीही आलेले नाही.

३. लोक खोटे का बोलले, हेही सांगणे भाग आहे. पडला म्हटले की माणूस धडधाकट घरातला ठरतो. आजाराने पाय गेले म्हटले की ‘त्या घरात काहीतरी आहे’ अशी कुजबुज होते आणि पोरींच्या सोयरिकी मोडतात. कडूबाची हकीकत सर्वांना माहीत होती. पहिला म्हणाला, “मीबी तिथूनच पडल्तो,” मग बाकीच्यांना दुसरे झाड शोधावे लागले नाही. प्रत्यक्षात कोणाची पाठ महिनोन्महिने दुखून कुबड आले, कोणाचे पाय तापात गेले, कोणाला आधी नुसत्या मुंग्या येत होत्या.

४. येथवर अर्जदाराने दुसऱ्यांची मापे काढली. आता अकरावी नोंद. गोजरबाई ही अर्जदाराची बायको. तीही चिंचेवरून पडली, असे कारकुनाला अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने सांगितले. मुलगी आशाबाई हिची सोयरीक तीर्थपुरीस, म्हणजे साहेबांच्या मुक्कामाच्याच गावी ठरली आहे आणि लग्न दोन महिन्यांवर आले आहे. हुकूम ऐकून गोजरबाई म्हणाली, “मी कधी चढल्ते त्या झाडावर? माझं दुखणं झाडाच्या गळ्यात बांधून राह्यले तुम्ही. मंग डॉक्टर आला तर झाड बघून जाईल, मला न्हाई बघायचा.” अर्जदारास फार लाज वाटली.

५. सबब विनंती की, अकरावी नोंद ‘आजाराने’ या रकान्यात घ्यावी. उरलेल्या नऊ जणांचे ज्याने त्याने सांगावे; अर्जदार त्यांच्याविषयी बोलून बसला आहे, त्याची माफी असावी. हा अर्ज वाचला गेला की सोयऱ्यांच्या कानी त्याच दिवशी जाईल, हे अर्जदार जाणतो. त्यांनी सोयरीक मोडली तर तेही सोसू. झाड तोडायचेच असेल तर कुऱ्हाड अर्जदार देईल, पण आधी डॉक्टर पाठवावा. गोजरबाईचा उजवा पाय गेला. डावा अजून हलतो.

साहेबांच्या माणसाची वाट पाहणारा,
पुंजाराम वल्द आबाराव
(निशाणी अंगठा)

तारीख १५ इस्फंदार, सन १३४९ फसली (जानेवारी १९४०)

सोबत: गोजरबाईच्या अंगठ्याची निशाणी. तिने अर्ज पुरता ऐकून घेऊन दिली.