बिनशिवणीची टोपी

पोलादपूर, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. निशा हिस रावजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिशाचा खोकला उतरला का? भरतची रात्रपाळी संपली, की अजून लाल डोळे घेऊन घरी येतो? तुझी कंबर कशी हाय? माझे गुडघे तेवढे कुरकुरतात, बाकी ठीक.

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून कागद घेतला. तुझ्या शेजारच्या शर्मिलाने बाळाचं बारसं इथं माहेरी केलं. मी दिलेली टोपी बायकांनी हातोहात फिरवली. कुठं शिवण नाय, विणली कोणी, असं विचारू लागल्या. ती मीच विणलेली. एसटीचं स्टिअरिंग सुटल्यापासून हात रिकामे राहवत नाहीत, म्हणून मोबाईलवर बघून शिकलो. दोन आखूड सुया, मध्ये वायर, नुसतं गोल विणत जायचं. पण दार लावून. मागे आपल्या आळीतल्या चंदूने माझ्या पिशवीत लोकर बघितली, तर नाक्यावर सगळ्यांदेखत विचारलं, बांगड्या कधी भरणार? तोच बारशाला समोर बसलेला. तोंडून निघून गेलं, आमच्या सुनेने विणली. घाटात गाडी कधी मागे घेतली नाही मी, तिथं घेतली. फार लाज वाटते. शर्मिलाने विचारलं तर सांभाळून घे. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

रावजी

बिरवाडी, ९ जानेवारी

ती. बाबांना निशाचा शि. सा. न. वि. वि.

दिशा बरी आहे, यांची रात्रपाळी संपली, माझी कंबर तशीच.

तुमच्या पत्राआधी शर्मिला पोचली. टोपी काय विणलीस गो, म्हणाली. कुठली टोपी, असं विचारायचं सोडून मी हसले. बाबा, लग्न होऊन आल्यापासून माझ्या हाताला कोणी असं चांगलं म्हटलं नव्हतं. तिने लगेच बायका गोळा केल्या. १९ तारखेच्या रविवारी मी त्यांना शिकवायचं ठरलं. घाबरून महाडच्या बाजारातून गोल सुई आणली. टाके घातले, टोकं जोडली, वीतभर विणलं, तर सगळ्याला पीळ. ओढून बघितलं, भिजवून बघितलं, सुटत नाही. दिशा म्हणते, आईने जिलबी केली.

तुमचं खोटं एका वाक्याचं, मी त्यावर वर्ग भरवला. बायकांना तोंड कसं दाखवू? तुम्ही या. पण मला आतल्या खोलीत शिकवून जायचं नाही, त्यांच्यासमोर बसायचं. जमेल का ते कळवा. माया असू द्या.

निशा

पोलादपूर, १३ जानेवारी

चि. सौ. निशास अनेक आशीर्वाद.

तो पीळ भिजवून जात नाही, बाळ. उसवावंच लागतं. जोडायच्या आधी टाक्यांची कड सगळीकडे आत वळली आहे ना, ते बोट फिरवून बघायचं. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं.

तुझ्या हाताला कोणी चांगलं म्हटलं नाही, हे वाचून घास उतरला नाही. तुझ्याकडे राहायला येतो तेव्हा मीही मुकाट जेवून उठतो. ही लाज टोपीपेक्षा मोठी.

येतो रविवारी. काल ओटीवर बसून विणून बघितलं. चंदू थांबला, जाताना हसला. मी सुई खाली ठेवली. मग तो वळणाआड गेल्यावर परत उचलली. एवढाच माझा धीर. तेव्हा तू बायकांना आधीच सांगून टाक, टोपी सासऱ्याने विणली आणि खोटंही त्यानेच सांगितलं. नाहीतर तुझ्या दारातून मी मागे फिरायचो. त्या काय म्हणाल्या ते लगेच लिही. हसल्या तर तेही लिही.

रावजी