माहेरी ठेवायचा तेरडा

आई, श्रावण संपत आला तरी मागच्या अंगणातली मोठी कुंडी मोकळीच आहे. सकाळी तिच्यापाशी उभी राहिले आणि तुझी बोलणी खावीशी वाटली. पण तुला जाऊन इतकी वर्षं झाली की बाळकुमच्या आपल्या चाळीच्या जागी आलेल्या टॉवरचाही रंग आता उडालाय.

त्या चाळीमागे न्हाणीच्या पाण्यावर तुझा तेरडा वाढायचा. बाबांनी वागळे इस्टेटच्या कंपनीतून आणलेलं अर्धं कापलेलं पिंप आणि त्यात तू गावच्या बांधावरून आणलेलं बी. नर्सरीतला भरगच्च पाकळ्यांचा नव्हे, साधा गुलाबी रानतेरडा. भाद्रपदात चाळीतल्या बायका सूप घेऊन यायच्या आणि तू मुळासकट रोपं उपटून प्रत्येकीच्या गौरीला द्यायचीस. फक्त कोपऱ्यातल्या दोन रोपांना हात लावू द्यायची नाहीस. "त्या माहेरी राहणार," म्हणायचीस, "सगळ्याच लेकी सासरी धाडल्या तर घरात दिवा कोण लावील?" त्या दोघींच्या शेंगा पिकून फुटायच्या, बी पिंपातच पडायचं आणि पुढच्या पावसात पिंप पुन्हा भरायचं.

मी कॉलेजात असताना मंडळाच्या मांडवात भाषण ठोकलं होतं. जिवंत झाड उपटायचं, त्याला देवी म्हणायचं आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात फेकायचं, ही कसली भक्ती? टाळ्या कडाडल्या. घरी आले तेव्हा तू भाकऱ्या थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बरं बोललीस गो. पण तेरड्याचा रंग तीन दिवस. बी काय ठेवलंस?"

"आई, भाषणाला बी नसतं!"

"मग एवढी ओरडतेस कशाला?"

बाबा पेपराआड हसले. मी जेवले नाही. त्यानंतर किती मांडव, किती सभा गाजवल्या, पण त्या प्रश्नाला उत्तर देता येईल असं भाषण अजून झालेलं नाही.

मत मात्र बदललेलं नाही, आई. झाड उपटून देवी करणं मला आजही पटत नाही. तरीही तुझ्या पिंपातलं बी मी डोंबिवलीला आणलं आणि तळमजल्यावरच्या या हातभर अंगणातल्या कुंडीत दरवर्षी उगवू दिलं. गेल्या वर्षी बाजारात सुकलेला तेरडा आला. शेजारीण दारात आली. "ताई, तुम्ही मानत नाही, माहितीये. पण आमच्या गौरीपुरता द्याल?" दिला. मग सगळी बिल्डिंग आली. शेवटी वरच्या मजल्यावरची नवी सून आली, लग्नानंतर गौरीपुढे सूप ओवसायचं तिचं पहिलंच वर्ष, पहिला ओवसा होता. दोनच रोपं उरली होती, कोपऱ्यातली. तुझं वाक्य कानात होतं. पण नाही म्हटलं असतं, तर बाई गौरीच्या विरोधात आहेत म्हणून देत नाहीत, असंच तिला वाटलं असतं. मला तेवढंही सोसलं नाही. दोन्ही दिली.

तिसऱ्या दिवशी मी विसर्जनाच्या तलावावर गेले आणि निर्माल्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. मंडळाच्या एका बाईंनी ओळखलं. "अय्या, मॅडम! तुम्ही गौर शोधताय?"

"शेंगा शोधतेय."

"अहो, सगळ्या हिरव्या आहेत. कच्चं बी काय रुजणार?"

तरी ओंजळभर आणल्या, वाळवल्या, पहिल्या पावसाआधी पेरल्या. काहीच उगवलं नाही. तुझ्या गावच्या बांधावर आता रिसॉर्टची भिंत आहे. तिथे फोन करून विचारलं, तर समोरचा म्हणाला, "तेरडा? लॉन आहे ना मॅडम." तुझ्या हातचं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच होतं, आणि ते मी चांगलं दिसण्यापायी घालवलं.

हा कागद कुठे धाडायचा नाहीच, तर एक सांगून टाकते. ती शेवटची दोन रोपं उपटायच्या आधी मी हात जोडले होते. खिडकीत कुणी नाही ना, ते आधी पाहून घेतलं होतं.