काळा फोटो

सोमवार, ३ फेब्रुवारी १९७५

पुन्हा ठिपके! झाकण घट्ट, खोलीत अंधार, कॅमेऱ्यातली फिल्मऐवजी प्रकाश टिपणारी चिप द्रव नायट्रोजननं गोठवलेली, तरी पडद्यावर पाच-सहा पांढरे ठिपके. दर वेळी वेगळ्या जागी. अंधाराचा फोटो काळा यावा, एवढंच तर मागणं आहे.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख हॅल्स्टेडसाहेब यांनी सुनावलं, "शुक्रवारपर्यंत हे गेलं नाही तर काम बंद. कार्माइन, तू दुसरीकडे नोकरी बघ." चिप कार्माइनची. चार वर्षं तो या एकाच गोष्टीमागे लागलाय. मला साहेबांचा भयंकर राग आला.

मंगळवार

आमच्याकडे काहीही बिनसलं की पहिला संशय चिप नीट न धुतल्याचा. उरलेल्या दोन चिपांपैकी एक पुन्हा आम्लात धुतली. मेली! आतल्या जोडण्याच आम्लानं खाल्ल्या. कल्पना माझीच होती. कार्माइननं दुपारी सँडविच उघडलं आणि तसंच गुंडाळून ठेवलं.

बुधवार

भिंतींतून किरणोत्सर्ग येत असेल तर अडावा म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीभोवती शिशाच्या विटा रचल्या. ठिपके तेवढेच.

"अडेल, हे चिपमधलं नाहीच. शिशालाही न जुमानता वरून येतंय," कार्माइन मला म्हणाला.

आकाशातून सतत कसलेसे कण पडतात, हे आम्ही दोघंही कॉलेजात शिकलोय. शिकलो, मार्क मिळवले आणि विसरलो.

गुरुवार

कार्माइनचा भाऊ व्हिटो जस्ताच्या खाणीत मुकादम आहे. पेटी, नायट्रोजन आणि आम्ही दोघं — खाणीच्या लिफ्टमधून खोल खाली. व्हिटोची बडबड चालूच: "फोटो काढायला आलात आणि दिवा लावू देत नाही? याला माझ्या लग्नातही एक फोटो धड जमला नव्हता."

काळा. पुन्हा काढला, पुन्हा काळा! वर डोंगरभर दगड, आणि खाली इतका स्वच्छ काळोख. मला रडूच आलं. वर येऊन खाणीच्या शेडमध्ये पेटी लावली तर ठिपके हजर. म्हणजे चिप चांगली आहे. आकाश दिसतंय तिला, छपराखालूनसुद्धा.

शुक्रवार

खाणीतली हकिगत सांगितली. साहेब म्हणाले, "दाखवा." पेटीवर हात टेकून उभे राहिले. फोटो आला — चार ठिपके.

"हे माझ्या हातातून गेले?"

"हो साहेब. रोजच जातात," कार्माइन म्हणाला.

ते तळहात बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवारपासून नव्या चिपा करायला घे." कोट काढला, बाही वर सारली आणि हात पुन्हा पेटीवर ठेवला.

"अजून एक काढ."