चढणीला बँकर

१० फेब्रुवारी
रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चेहरा फार गंभीर केला होता, त्यांच्या कामाचा भाग असतो तो. साखर बॉर्डरच्या पलीकडे, लिव्हरवर चरबी. म्हणाले, माणूस बसून राहिला की स्नायू साखर उचलत नाहीत, ती रक्तातच फिरत राहते. वरून खाणं चालू असतं, मग उरलेलं चरबी होऊन लिव्हरवर बसतं. मी म्हटलं, म्हणजे यार्ड भरलंय, गाडी सुटत नाही आणि मागून वॅगन येतच आहेत. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर. इतका पटकन समजणारा पेशंट त्यांना रोज मिळत नसावा.
लगेच गोळ्या लिहून देत होते. मी नको म्हटलं, तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. गोळी सुरू झाली की माणूस आजारी ठरतो. मी आजारी नाही, रिटायर आहे.

११ फेब्रुवारी, सकाळ
प्लॅन तयार. बुद्धपौर्णिमेला आम्ही दरवर्षी बेडशाच्या लेण्यांवर वंदनेला जातो. शालनचं माहेरच बेडसे. गेली तीन वर्षं मी खाली मेव्हण्याच्या ओट्यावर थांबतो, कारण गाड्यांकडे कुणीतरी बघायला हवं. यंदा वर जाणार, आणि नात यशोधराला (वय चार) खांद्यावर घेऊन जाणार. तिला तसं सांगूनही टाकलं.
गौरव म्हणाला, पप्पा, तिला आत्तापासून कशाला सांगितलंत. पोटच्या पोराचा विश्वास नाही. त्याला आठवण करून दिली, की कर्जतहून लोणावळ्याला घाट चढताना जड गाडीला मागून इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात, आणि तुझ्या बापाने उभी नोकरी बँकरवर काढली. अख्ख्या देशाचा माल मी घाट चढवला, तिथे चार वर्षांची पोर ती काय.
शालन म्हणाली, ढकलत इंजिन व्हतं, तुमी बसला व्हता.

१४ फेब्रुवारी
वॉक सुरू. वलवण धरणापर्यंत. अंतर काही फार नाही, पण रस्त्यावर टुरिस्ट गाड्यांचा धूर. तो छातीला वाईट. म्हणून धरणापर्यंत स्कूटरने जायचं आणि तिथे चालायचं असं ठरवलं. आज जागा बघून आलो.

१७ फेब्रुवारी
चाललो. भजीच्या गाडीपाशी दम लागला, थांबणं भाग होतं. तिथे गोरख भेटला, आमचा जुना गार्ड. मक्याची भजी घेतली. मका म्हणजे शेवटी धान्यच. पहिली प्लेट त्याने सांगितली, मी फक्त साथ दिली. दुसरी मी सांगितली, एकतर्फी बरं दिसत नाही.

२ मार्च
शालन पहाटे उठून कुठे जाते ते आज कळलं. चालायला जाते. हौस. बायकांचं बरं असतं, तब्येतीचं टेन्शन नाही. चहाही बिनसाखरेचा पिते, सवय झाली म्हणते. चव ज्याची त्याची.
संध्याकाळी तिला साखरेचं सगळं नीट समजावून दिलं. स्नायू, लिव्हर, यार्ड, वॅगन. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, व्हय, ठावं हाय. माणसं न कळताही हो म्हणतात, हे मी नोकरीतही पाहिलंय.

१९ मार्च
जेवणात कडक शिस्त. दोन्ही वेळेला एकच भाकरी. भाकरी केवढी असावी याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, म्हणून मी शालनला सांगून जरा मोठी करून घेतो. ती म्हणाली, तवा संपला आता.
पँटचं बटण तुटलं. हल्ली दोरा चांगला येत नाही.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक चौकापासून विहारापर्यंत पूर्ण केली. पाण्याच्या ट्रॅक्टरवर बसून. पिंपं धरायला कुणीतरी हवंच होतं. नंतर खीर, दोनदा. आजच्या दिवशी नाही म्हणणं शोभत नाही.
यशोधरा रोज विचारते, आजोबा, डोंगरावर कधी नेणार. सराव म्हणून तिला अंगणात खांद्यावर घेतलं आणि लगेच उतरवलं. गौरवला बजावलं, पोरीला एवढं खायला घालत जाऊ नका.

७ मे
परवा टेस्ट. आज आणि उद्या फक्त ताक. शालन म्हणाली, हे तीन महिन्यांपूर्वी सुचाया पायजे व्हतं. काही लोकांना चांगल्यातही चांगलं दिसत नाही.

१० मे
आकडा वर गेलाय. मी म्हटलं, मशीन तपासा, मी दोन दिवस ताकावर आहे. डॉक्टर म्हणाले, ही टेस्ट तीन महिन्यांची सरासरी दाखवते, दोन दिवसांनी ती फसत नाही. हे त्यांनी फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. सांगितलं होतं म्हणे.
गोळ्यांची चिठ्ठी खिशात आहे. घरात बोललो नाही. पौर्णिमा तोंडावर आली, उगाच सगळ्यांचा मूड जायचा.

१२ मे, संध्याकाळ
गेलो. पायथ्याला सगळ्यांदेखत यशोधराला खांद्यावर घेतलं. पहिल्या वळणाला मांड्या थरथरायला लागल्या. दुसरं वळण आलंच नाही. तिला खाली ठेवलं तर म्हणाली, आजोबा, मी चालते, तुम्ही हळूहळू या. आणि गेली पळत. गौरव सरळ तिच्या मागे गेला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.
मी पायरीवर बसलो. मेव्हणा निवृत्ती म्हणाला, दाजी, ओट्यावर बसायचं व्हतं, गाड्या कोण बघणार आता. मी कोरीव काम बघतोय असं सांगितलं. लेणी अजून बरीच वर होती.
तेवढ्यात शालन मागून आली. माझ्या पाठीला दोन्ही तळवे लावले आणि म्हणाली, उठा, बँकर लावलाय. मला तसंच ढकलत वर नेलं. येणारे-जाणारे बघत होते. लाज वाटली. मी भात्यासारखा फुसफुसत होतो आणि मागून श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता. पासष्टीला आलेली बाई.
वंदना झाली. डबा उघडायच्या आधी तिने पिशवीतून एक गोळी काढून घेतली. मी विचारलं, कसली. म्हणाली, साखरेची. चार वर्सं झाली. आधी जास्त व्हत्या, चालून चालून एकीवर आले. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस. म्हणाली, सांगितलं व्हतं की. तुमी म्हणालात बरं, आणि भजी मागितली.
मला आठवत नाही. म्हणजे खरं असणार.
तिला मी स्नायू आणि लिव्हर समजावून सांगितलं होतं. ती भाकरी थापत होती.
उतरताना खिशातली चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने लांब धरून वाचली. म्हणाली, माझीच गोळी हाय, तुमाला फकस्त दोन येळा. मग म्हणाली, उद्या पाचला उठायचं.
स्कूटरची किल्ली तिच्या पिशवीत आहे. मी मागितली नाही.