ज्याचा त्याचा सातवा दिवस

…फळी बांधाला टेकवली, तिथेच बसलो आणि मांडीवर कागद घेतला. हात खारट आहेत, डाग पडतील, क्षमा असावी. तीर्थरूप दादांस धाकट्या गुरुदत्ताचा नमस्कार. (धर्म बदलला तेव्हा नाव आणि नमस्कार बदलले नाहीत. पाद्रीसाहेबांना त्याचे वाईट वाटते.) तुमचा दमा कसा आहे? उत्तरावहिनींची कंबर? मी ठीक आहे, म्हणजे उभा असतो.

तीन वर्षे तुमचे पत्र नाही, तेव्हा मी काय करतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. ठाण्याच्या खाडीवर मिठागराचा मुकादम आहे. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे, मीठ धरले की त्याच दिवशी फळीने ओढून बांधावर काढायचे. राहिले तर दगड होते. ओढायला मजुरांची सगळी ओळ एकदम लागते.

चैत्रात मी या माणसांना शास्त्र सांगितले. आळस हे पाप, सहा दिवस झटून काम करा, असे म्हणालो; तेव्हा सगळ्यांनी खाडीकडे पाहिले. देवानेसुद्धा सहा दिवस सृष्टी करून सातव्या दिवशी विसावा घेतला, तुम्हीही घ्या, असे म्हणालो. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. सातवा म्हणजे रविवार, हे सांगायचे राहून गेले. (मला ते उघड वाटले होते.) भिवा मंगळवारी कामाला लागलेला, म्हणून त्याचा सातवा सोमवारी. त्याची बायको लक्ष्मी शुक्रवारी आलेली, तिचा गुरुवारी. आता रोज कोणीतरी विसाव्यात असते. ओळीत जागा रिकामी पडते, ती मी भरतो. रविवारच खरा, असे नंतर सांगून पाहिले. भिवा म्हणाला, “मंग तुमचा देव सोमवारी बगत नाय कं?” मी त्याची फळी उचलली.

आवडाबाई सर्वांत जुनी. ती म्हणाली, “मुकादम, चालीस वर्सांत येक सातवा दिस घेतला नाय मी. सगले तुंबलेत.” तेव्हापासून ती रोज वेळेवर येते (आळशी म्हणवून घ्यायचे नाही), बांधावर बसते आणि माझे काम पाहते. “कमरंत वाक, बामना, मानंत नको!” तिला उठवायला दोनदा गेलो. तिचा चेहरा पाहून परत आलो. त्याला आळस म्हणता येत नाही.

पाद्रीसाहेबांना सांगितले. वचन रुजले याचा त्यांना आनंद झाला, आणि मी रविवारी उपासनेला का दिसत नाही, असे त्यांनी विचारले. आज रविवार. उधाणाचे पाणी आले, ते आत घेणाऱ्या रघूचा सातवा आजच होता, म्हणून मी छातीभर पाण्यात उभा राहिलो. काल ओढता ओढता डोळा लागून वाफ्यात पडलो. माझा सातवा आला असे समजून कोणी उठवले नाही. भिवाने तर डोक्यावर सावली पडेल असे टोपले ठेवले.

बाकी सर्व क्षेम आहे. वडील माणसांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

ता. क. – पत्र लिहिण्याचे कारण हे नव्हे. मला एक दिवस निजायचे आहे. इथे निजलो की कोणाची तरी जागा रिकामी दिसते. तुमच्या अंगणात चटईपुरती जागा द्याल का? घरात येणार नाही. पाणी बरोबर आणीन. कोणी विचारले तर वाटसरू म्हणा.

ता. क. दुसरा – सोमवार सकाळ, कल्याण. उत्तराची वाट पाहण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून पहाटेच्या गाडीने आलो आणि तुमच्या तुळशीजवळ आडवा झालो. जागा झालो तेव्हा अंगणात सडा पडलेला होता. माझ्या चटईभोवतालची वीतभर जमीन कोरडी आहे. दार उघडे आहे. तुम्ही आत घोरता आहात. पत्र उंबऱ्यावर ठेवतो आणि परत निजतो.