पूर्ण लांबीचा डबा

३ मार्च
निश्चय झाला. यंदा आमच्या मॉडेल रेल्वे क्लबची पहिल्या बक्षिसाची निळी रिबन माझीच. बाकीचे मेंबर दुकानातले आखूड डबे आणतात. घरातल्या रुळांची वळणं लहान, म्हणून कंपनीच दोन खिडक्या गाळून विकते. शी! मी खऱ्या डब्यापेक्षा बरोबर सत्त्याऐंशी पट लहान डबा बांधणार. खिडकीला खिडकी, रिव्हेटला रिव्हेट. मार्लिस म्हणाली, रिबन नाही आली तर अर्धं तळघर माझ्या गोधड्यांना. बायकोला शब्द दिला. हसत हसत.

१९ मार्च
डबा तयार. चांगला फूटभर लांब, काय देखणा! तळघरातल्या पहिल्याच वळणावर घसरला. रूळ जुने झालेत. मार्लिस जिन्यावरूनच म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला रेल्वेतलं काय कळतंय?

२० मार्च
पुन्हा घसरला. हवा दमट आहे.

६ एप्रिल
म्युझियममध्ये जाऊन खरा डबा टेपनं मोजला. रविवारच्या चर्चच्या कपड्यांत, सरपटत. आराखड्यापेक्षा दोन इंच आखूड! माझं मॉडेल आराखड्याबरहुकूम. म्हणजे चुकलाय तो खरा डबा. तिकीट देणाऱ्या बाईंना शांतपणे समजावलं. त्या म्हणाल्या, अहो, इतकी वर्षं लोक यात बसून शिकागोला गेले, दोन इंच अलीकडे कुणी उतरल्याचं ऐकलं नाही. अज्ञान, दुसरं काय!

१० मे
क्लबचा अध्यक्ष ड्युएन डबा बघायला आला. म्हणाला, झकास झालाय वर्लिन, पण स्पर्धेत एक फेरी मारावी लागते हं, सराव कर. जळतोय मेला. सराव आखूड डबेवाल्यांनी करावा.

१७ मे, रात्र
लांबीला पूर्ण गुण. रंगाला पूर्ण. मग फेरी. स्टेशनच्या वळणावर डब्याचं शेपूट बाहेर आलं आणि फलाटावरचे चिमुकले प्रवासी झाडून खाली. एक नन, दोन सैनिक, पॉपकॉर्नवाला. मग डबाही गेला त्यांच्या पाठोपाठ. परीक्षकांना सांगितलं, प्रवासी फार कडेला उभे होते. ड्युएन म्हणाला, निदान त्या ननची तरी माफी माग. सगळे खो खो हसले. रिबन त्याच्या आखूड डब्याला.
वाईट वाटलं. खरंच वाटलं.

२४ मे
मार्लिसचं शिलाई मशीन खाली आलं. ती बाजारात गेली तशी मी करवत काढली. मधल्या दोन खिडक्या कापल्या, डबा पुन्हा जोडला, फिरवला. एकदाही घसरला नाही! कॉफी गार झाली तरी बघतच बसलो. मार्लिस कधी मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. म्हणाली, किती गोड पळतोय रे, मोजलास का? म्हटलं, सगळंच मोजायचं नसतं. फक्त क्लबात सांगू नकोस, तुझ्या पाया पडतो.
म्हणाली, नाही सांगत. पण मग उरलेलं अर्धं तळघरही माझं.
रूळ गॅरेजच्या कोपऱ्यात हलवतोय. तिथली वळणं आणखी लहान. अजून एक खिडकी कापावी लागणार.