कालिंदीने दार का उघडलं नाही

१४ जुलै २००३, सोमवार

दुपारी अडीचला नेहमीची मंडळी ओटीवर. होड्या वर ओढलेल्या, मासळी बंद, म्हणून पावसाळाभर बायकांना दुपार मोकळी. टीव्ही आमचा मोठा. हे आतून विचारतात, "भरली काय सभा?"

आज मालिकेत कालिंदीने दार उघडलं नाही. बाहेर वादळ, धाकटी जाऊ रेवा कडेवर मूल घेऊन दार ठोठावते आहे. आत कालिंदी उभी, हात कडीवर. मग हात हळूच खाली आला. भाग संपला. एक शब्द नाही. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला इथूनच नमस्कार. मी असते तर दोन पानं भरून तिचं मन उलगडत बसले असते.

शेवंताकाकी थेट टीव्हीवर ओरडली, "उघड गो मेले, पोर भिजता!"

१५ जुलै

का उघडलं नाही, ह्यावर आज भाग सुरू व्हायच्या आधीच जुंपली. काकीचं म्हणणं, भ्याली. सुगंधाचं म्हणणं, "उघडतली कशी? आधी परकी कोणी केली तिका?"

सुगंधा खांबाला टेकून, पारू पार उंबऱ्याशी. ह्या दोघीही जावाच, सुगंधा थोरली. समोरचं घर, मधे भिंत घालून दोन केलेलं, अंगणात कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. सासू गेली त्या दिवसापासून एकमेकींशी बोलत नाहीत. सहा वर्षं झाली असतील. एकमेकींना जे सांगायचं ते माझ्यामार्फत.

पा. : "बाय, तिका सांगा, रेवान मुद्दाम केल्यान नाय."

सु. : "मुद्दाम नाय तर मगे सांगूक तोंड नव्हता? इचारा तिका."

मी ह्या अंगाला वळते, त्या अंगाला वळते. काकी म्हणाली, "गो, दोघी टीव्हीकडे बघान बोला. बायची मान मोडात."

१७ जुलै

कथा पाचव्या पानावर अडली आहे. माझी माणसं फार बोलतात, कारणंच देत सुटतात. ओटीवर मात्र एक कडी न काढलेली, आणि चार दिवस तिच्यावर बोलणं. "झोपेत होती असा नको, डोळे बघ तिचे." "नायतर आधी रडान घेतल्यान असतला, डोळे बघ ते लाल." किती बारीक बघतात. हेवा वाटतो. लिहिणाऱ्याचाही, बघणाऱ्यांचाही.

२४ जुलै, गुरुवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

भाग ऐन रंगात आणि लाइट गेली. कोणी उठलं नाही. काकी म्हणाली, "थांबा, मी सांगतंय पुढचा." तिच्या मते रेवा आता विहिरीकडे जाणार. दुसरी म्हणाली, छे, माहेरी. सगळ्या मिळून गोष्ट पुढे नेत होत्या आणि मधेच पारू बोलायला लागली. बंद टीव्हीकडे बघत.

"कालिंदीचो हात मोकळो खंय होतो? म्हातारीन घट धरल्यान होतो. सोडल्यान असतो तर म्हातारी एकटीच गेली असती. सांगूक धाडतली कोणाक? घरात दुसरा कोण नव्हता."

मालिकेत म्हातारी नाहीच.

कोणी तसं म्हणालं नाही. सुगंधा चवथीसाठी वाती वळत होती, ती थांबली. सासू गेली तेव्हा सु. मालवणच्या बाजारात मासे विकायला बसली होती. निरोप गेलाच नाही. घरी आली तो सगळं आटपलेलं. तेव्हा अंगणात म्हणाली होती, "शेवटचा पाणीसुदा एकटीन पाजलंस." पारूने उत्तर दिलं नव्हतं. दिलं ते आज.

मग लाइट आली. साबणाची जाहिरात.

२५ जुलै

सु. आली नाही. काकी म्हणते ताप. पा. उंबऱ्याशीच, पण दोन-तीनदा खांबाकडे बघितलंन.

४ ऑगस्ट, सोमवार

सु. आली, सगळ्यांच्या आधी. एकटी.

"बाय, तुमी गोष्टी लिवतास. हात कोणी धरलेलो असलो तरी माणसाक हाक मारूक येता मा?"

म्हटलं, "येते. कधी कधी नाही फुटत आवाज."

"हां."

बस्स. पुढे विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. मग बाकीच्या आल्या.

कालिंदीचं अजून कळलेलं नाही. तीन आठवडे! कारण हातचं राखून ठेवायला केवढा धीर लागत असेल.

१३ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली. आता एकेक होडी पाण्यात जाईल, सभा पातळ होईल.

काकीने आज जे सांगितलं ते ऐकून मी हसले, आणि मग हसू विरलं. सु. सकाळी नारळ घेऊन देवळात गेली, कौल लावायला. सोबत काकी. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विचारलं, "कोणाच्या नावान?"

"कालिंदीच्या."

"कालिंदी खंयची?"

"टीव्हीतली. तिना दार उघडुचा काय नाय, इचार."

गुरव भला माणूस. न हसता गाऱ्हाणं घातलं, काकीने "होय म्हाराजा" म्हटलं. दोघी किती वेळ उभ्या. पाकळी हलेना. शेवटी तो म्हणाला, "सुगंधा, टीव्हीतलो न्याय आमच्या देवीच्या हद्दीत येणा नाय. गावातला काय असात तर इचार."

 नारळ देवीपुढे ठेवायचा, तो सु. तसाच परत घेऊन आली.

काकी म्हणाली, "माका हसूक येय होता. पण तिचा तोंड बघलंय आणि गप ऱ्हवलंय."

२२ ऑगस्ट

रेवा परत दारात. ह्या वेळी वादळ नाही, ऊन आहे, मूलही बरोबर नाही. म्हणजे आत यायला काही कारणच नाही तिच्याकडे. किती सुंदर! गरज असताना दार उघडलं तर ती दया झाली. मला हे सुचलं नसतं.

पा. हळूच म्हणाली, "आता हाक कोणी मारूची?" ह्या वेळी 'बाय, तिका सांगा' नव्हतं. सु.ने ऐकलं. माझी मान दुखली नाही आज.

काकी : "ह्यो लिवणारो आमका मारतलो एक दिवस!"

२९ ऑगस्ट, शुक्रवार

हात पुन्हा कडीवर. आणि तिथेच आठवडा संपला. ओटीवर असा आरडाओरडा की हे बाहेर आले.

परवा चवथ. घर दोन झालं तरी गणपती एकच, थोरलीकडच्या माजघरात. पारूचा नवरा, मुलगे आरतीला जातात, जेवतात. ती नाही. सहा वर्षं गडग्याअलीकडून हात जोडते. पूर्वी गणपतीवर फळापानांची माटवी टांगायची, ती बांधायची तर पारूनेच. तिची गाठ ढिली होत नाही, असं सासू म्हणायची.

३० ऑगस्ट, हरताळका

सकाळपासून सु.चा नवरा शिडीवर. माटवीची चौकट, आंब्याचे टाळे, रानातली कांगणं, सुपाऱ्यांचे घोस. सगळं बांधून झालं. मधोमध नारळ टांगतात, ती जागा रिकामी.

दुपारी खिडकीतून बघितलं. सु. अंगणात आली, हातात नारळ. देवळातून परत आणलेला तोच असावा. बराच वेळ नुसती उभी. मग गडग्यावर ठेवला, शेंडी पारूच्या बाजूला करून. हाक मारली नाही. आत गेली.

पा. विहिरीवरून आली. थांबली. घागर घेऊन तशीच घरात.

काळोख पडेपर्यंत नारळ तिथेच. पलीकडे जावं, काहीतरी बोलावं, असं दहादा मनात आलं. चप्पल घातलीसुद्धा. काढली. कोणी तरी मधे येऊन कारण सांगितलं असतं तर तो कडीवरचा हात काय उरला असता?

३१ ऑगस्ट, चवथ

पहाटेपासून झिमझिम. आत्ता दुर्वा काढायला बाहेर पडले तर गडग्यावर नारळ नाही. सगळा चिरा भिजलेला, आणि मधे नारळाएवढी जागा कोरडी. म्हणजे नुकताच कोणी उचलला. कुठल्या बाजूने, ते चिरा सांगत नाही.

समोर दोन्ही दारं उघडी. माजघरात टाळ वाजायला लागले. दुर्वा घेऊन मी निघाले आहे.